अ‍ॅप म्हणतंय १२०० कॅलरी. हा आकडा खरा धरायचा का? आणि एका कढईतलं चौघांचं जेवण मोजायचं कसं?

शेवंती:

वय ३८, स्त्री, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. नोकरी बैठी, दिवसाला पाच-साडेपाच हजार पावलं होतात, वेगळा व्यायाम नाही. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून झालंय, सगळं ठीक आहे. कुठलीही गोळी चालू नाही. ६४ किलोपर्यंत यायचंय. घाई नाही, पण उतरलेलं परत चढायला नको.

अ‍ॅपमध्ये माहिती भरताना ‘बैठं काम’ निवडलं. पुढे ‘आठवड्याला १ किलो’ निवडलं तर १२०० कॅलरी येतात आणि ‘आठवड्याला अर्धा किलो’ निवडलं तरी १२००च येतात. हे कसं काय? निम्मं वजन उतरवायला तेवढंच खायचं?

घरात चार माणसं, स्वयंपाक एकच. सकाळी नाश्ता, डब्यात पोळी-भाजी, रात्री भाकरी नाहीतर आमटी-भात. अंडी चालतात, मांस-मासे नाही. गुरुवारचा उपास असतो. तर माझ्यासाठी आकडा कुठला, आणि सगळ्यांच्या कढईतलं माझ्या वाटीत किती आलं ते कसं काढायचं, एवढंच विचारायचंय.

तराजू:

दोन्हीकडे १२०० येतात याचं कारण सोपं आहे: तो तुमच्यासाठी काढलेला आकडाच नाही. बायकांसाठी १२०० च्या खाली दाखवायचं नाही असा बांध बहुतेक अ‍ॅपनी घालून ठेवलेला असतो. हिशोब त्याच्या खाली गेला की अ‍ॅप गप्पकन १२०० लिहून मोकळं होतं.

करून बघा. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे. बरीच अ‍ॅप तेच वापरतात. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा आणि बाई असेल तर आणखी १६१ वजा करा (पुरुष असेल तर उलट ५ मिळवा). तुमचं येतं ७४० + ९८७.५ − १९० − १६१ = साधारण १३७५. नुसतं पडून राहिलं तरी शरीर रोज एवढं खर्च करतं. ‘बैठं काम’ म्हणून अ‍ॅपने त्याला १.२ ने गुणलं, झाले १६५०. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी. ती आठवड्यात घालवायची तर रोज ११०० ची तूट हवी, उरतात ५५०. अर्धा किलो घालवायचं तर रोज ५५० ची तूट, उरतात ११००. दोन्ही १२०० च्या खाली, म्हणून दोन्हीला १२००. तुम्ही मागितलेला वेग या खर्चात बसत नाही, हे त्याने सांगायला हवं होतं. ते सांगितलंच नाही.

आता खरा आकडा. पाच हजार पावलं आणि घरकाम धरलं तर १.२ कमी पडतो. पुढची पायरी १.३७५ ची आहे, ती तुम्हाला जास्त होईल. शिवाय पाश्चात्त्य लोकांवर बेतलेली ही सूत्रं आपल्याकडे बऱ्याचदा थोडं वाढवूनच सांगतात. १.३ धरा. रोजचा खर्च साधारण १७९०. पडताळा म्हणून बघायचं तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला १६६० कॅलरी दिल्या आहेत. त्या मानाने ७४ किलोला १७९० काही वावगं नाही.

यातून पंधरा ते वीस टक्के कापा, त्याहून जास्त नको. १४५० पासून सुरुवात करा. तूट ३४० ची, म्हणजे आठवड्याला पाव ते एक तृतीयांश किलो. ऐकायला चिल्लर वाटतं, पण महिन्याला सव्वा-दीड किलो होतं. आणि रात्री साडेदहाला डबे उघडायची वेळ येत नाही, जी १२०० वर हमखास येते. आठवड्याचे पाच दिवस १२०० आणि शनिवार-रविवारी २२००, याची सरासरी काढा. १४८५ येते! म्हणजे उपाशी राहण्याचा त्रास पूर्ण भोगून तुम्ही शेवटी १४५० च्याच आसपास.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही तूट शेवटपर्यंत ३४० ची राहत नाही. तुम्ही ६४ किलोच्या झालात की त्याच सूत्राने खर्च १६६० वर येतो. मग १४५० खाऊन तूट फक्त २१० ची उरते. त्यामुळे दहा किलोला कागदावरच साडेनऊ महिने लागतात. सणवार, लग्नं, आजारपण धरून एक वर्ष म्हणा. ‘७७०० भागिले तूट’ असा सरळ भागाकार शेवटपर्यंत चालवणारे सहाव्या महिन्यात ‘माझं मेटाबॉलिझम बिघडलं’ म्हणून हताश होतात. बिघडलेलं काही नसतं, माणूस हलका झालेला असतो. दर चार-पाच किलो उतरले की सूत्र पुन्हा मांडायचं, बास.

फोडणीपुरतं:

आकडा तराजूंनी दिला, पण तो पाळला जातोय की नाही हे कळायला स्वयंपाकघरात एक काटा लागेल. पाच किलोपर्यंत मोजणारा, एक ग्रॅमची अचूकता असलेला, शून्यावर आणायचं बटण असलेला साधा डिजिटल काटा पुरे. ‘एक वाटी’, ‘एक पळी’ ही मापं या कामाला निरुपयोगी आहेत. एका घरची आमटीची वाटी १२० मिलीची असते, दुसऱ्या घरची २०० ची.

सगळ्यात आधी तेल. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे ८२०० कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल तर माणशी रोज पावणेतेवीस ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी. पाच लिटर संपत असेल तर ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. तुमची जी रोजची तूट ठरली आहे, बरोबर तेवढं! बाटलीचा हिशोब न करता पोळ्या मोजत बसणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं. तळणाचं उरलेलं तेल मात्र यातून वजा करा.

करायचं असं. रविवारी एका किटलीत आठवड्याचं तेल वजन करून ओतायचं. चौघांसाठी ५५० ते ५६० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज वीस ग्रॅम. फोडणी, पोळीला लावायचं, धिरडं, सगळं त्यातूनच. शुक्रवारी किटली संपली तर कुठे उधळलं ते आपोआप कळतं. फोडणी पळीने न घालता पाच मिलीच्या चमच्याने घाला. एक चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. चौघांच्या भाजीला तीन चमचे भरपूर होतात. कांदा खाली लागायला लागला तर तेल वाढवू नका, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा.

कढईतलं मोजायचं ते कच्च्या मालावरून. मटकीची उसळ घ्या: मटकी कोरडी १५० ग्रॅम (५०० कॅलरी), तेल ३० ग्रॅम (२७०), कांदा १०० ग्रॅम (४५), ओला नारळ ३० ग्रॅम (१२०), दाण्याचं कूट १५ ग्रॅम (८५), गूळ ५ ग्रॅम (२०). बेरीज १०४०. रिकाम्या कढईचं वजन एकदाच घेऊन झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. उसळ झाल्यावर कढईसकट वजन करा, कढई वजा करा. समजा ९०० ग्रॅम भरली. मग ग्रॅमला १.१५ कॅलरी. तुमच्या ताटात १५० ग्रॅम आली तर १७३. हीच उसळ तीन चमचे तेलात केली तर ८९० कॅलरी, तुमच्या वाट्याला १४८. पाणी आटलं, रस जास्त ठेवला, तरी हिशोब चुकत नाही, कारण बेरीज कच्च्याची आहे आणि भागाकार शिजलेल्याचा.

नेमकं चुकतं ते इथे: शिजलेल्या भाताचं वजन करायचं आणि अ‍ॅपमध्ये ‘तांदूळ’ निवडायचा. १०० ग्रॅम तांदळाच्या साधारण ३५० कॅलरी, त्याचा भात होतो अडीच ते तीनपट वजनाचा. म्हणजे ९० ग्रॅम भाताच्या शंभर-सव्वाशे कॅलरीच्या जागी अ‍ॅप ३१५ लिहितं. उलटी चूकही होते, कोरड्या डाळीचं वजन ‘शिजलेलं वरण’ म्हणून भरलं की हिशोब फसवा गोड दिसतो.

पोळीचं अ‍ॅपवर अजिबात सोडू नका. ‘चपाती १ नग’ या नावाने तिथे कोणीही काहीही भरून ठेवलेलं असतं. कणीक मळताना साधारण साठ टक्के पाणी जातं, म्हणून गोळ्याचं वजन भागिले १.६ म्हणजे कोरडी कणीक. ४८ ग्रॅमच्या गोळ्यात ३० ग्रॅम कणीक, शंभर कॅलरी. आत-बाहेर मिळून अर्धा चमचा तेल लागलं तर १२०. सैल हाताने केलेली मोठी घडीची पोळी, ४० ग्रॅम कणीक आणि चमचाभर तेल, सहज पावणेदोनशे. एकाच घरात सोमवारी आणि रविवारी केलेल्या पोळीत एवढा फरक पडू शकतो. भाकरीला तेल नाही म्हणून ती ‘मोफत’ धरली जाते, पण थापलेली चांगली भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते, म्हणजे २१० ते २४०. दोन पोळ्यांना एक भाकरी, असं समीकरण ठेवा.

साधंवरण:

एवढं मोजून जेवायचं म्हणजे प्रयोगशाळाच झाली की. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट पोळी किंवा भात, पाव ताट डाळ-उसळ, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही, साखर बंद. बहुतेकांना एवढ्यावर फरक पडतो. दिवसभरात काय किती खावं ते सांगणारं राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘माय प्लेट’सुद्धा आहेच.

तराजू:

ताटाची वाटणी उत्तमच आहे, पण तिच्यात तेल दिसत नाही. आणि ‘माय प्लेट’ हे २००० कॅलरींचं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-बिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. शेवंतीताईंनी ते जसंच्या तसं घेतलं तर वजन उतरणार नाही, हळूहळू वाढेल. त्याचं प्रमाण मात्र उचलण्यासारखं आहे. भाज्या तेवढ्याच ठेवा, धान्य १३०-१५० वर आणा, तेल-तूप २० वर आणि दाणे १० वर.

कायम मोजायचं कोण म्हणतंय? चार आठवडे मोजा. तेवढ्यात डोळ्याला वजन कळायला लागतं. नंतर महिन्यातून तीन दिवस पुरे, आणि तेल तेवढं कायम.

ताम्हण:

कॅलरींचं झालं, आता प्रथिनं. कमी खाताना प्रथिनं कमी पडली आणि स्नायूंना काम नसलं तर वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि मग काट्यावर आकडा छान दिसतो, जिना चढताना मात्र पाय बोलतात. निरोगी माणसाला रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना ध्येयाच्या वजनावर किलोमागे १ ते १.२ धरा. ६४ किलोला ६४ ते ७७ ग्रॅम. पोळी-भाजी-भात एवढ्यावर हे जमत नाही, मुद्दाम आणावं लागतं.

एक दिवस मांडून दाखवते. सकाळचा चहा: ५० मिली टोन्ड दूध, एक चमचा साखर, ५० कॅलरी. नाश्त्याला दोन अंड्यांची पोळी एक चमचा तेलात आणि एक फुलका, २८०. डब्यात दोन पोळ्या (२४०), कमी तेलातली उसळ २०० ग्रॅम (२००), काकडीची कोशिंबीर १०० ग्रॅम दह्यात, फोडणी न देता (६०). चार वाजता चहा आणि ३० ग्रॅम फुटाणे, १६०. रात्री ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी (१७०), पालेभाजी (८०), ३० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण (१००), त्यावर अर्धा चमचा तूप (२५), १०० ग्रॅम दही (६०). एखादं संत्रं किंवा छोटा पेरू, ५०. सगळं मिळून १४७५ च्या आसपास, प्रथिनं साठेक ग्रॅम. अजून दहा हवी असतील तर रात्रीच्या भाजीत २० ग्रॅम सोया वड्या घाला (७० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं) आणि डब्यातली अर्धी पोळी काढा. अंडी नकोशी झाली की ५० ग्रॅम मुगाची धिरडी करा. पोहे-उपमा आठवड्यातून दोनदा ठीक, पण त्यात प्रथिनं नावालाच, म्हणून त्या दिवशी सोबत वाटीभर दही किंवा मोड आलेले मूग घ्या.

दुधाच्या पिशवीवरचं नाव वाचत चला. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. पाऊण कप फुल क्रीम दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा शंभरीच्या पुढे जातो. असे चार झाले की एका जेवणाइतके. चहा सोडा असं नाही, दूध बदला आणि साखर एक चमचा करा. दोन आठवड्यांत जीभ ऐकते.

व्यायाम म्हणून आठवड्यातून दोनदा तरी जोर लावायचा: खुर्चीवरून उठाबशा, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. वीस मिनिटं पुरतात. मनगटी घड्याळ ‘३२० कॅलरी जळल्या’ म्हणेल, त्या परत खाऊ नका. तुमच्या वजनाला चार किलोमीटर चालण्यात जेमतेम दोनशे खर्च होतात, आणि रोजच्या चालण्याचा वाटा त्या १.३ मध्ये आधीच धरलेला आहे.

हा धागा इतर कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी: मधुमेहाला ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं तर साखर धोक्याइतकी उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजनाबरोबर पुन्हा बघून घ्यावा लागतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या आतल्या आणि पूर्वी खाण्याचा आजार झालेल्यांनी हे आकडे वापरूच नयेत. घाईने उतरवलं की केस जातात, तेही लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस शांपूला दोष देत बसतो. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वेगाबरोबर वाढते.

शेवंती:

बांधाचं गणित कळलं, धन्यवाद. १४५० ने सुरू करते. दोन शंका आहेत. वजन रोज करायचं की आठवड्याने? रोज केलं तर कधी किलोभर वर दिसतं. आणि गुरुवारच्या उपासाला काही खाल्लं नाही तर तेवढी शिल्लक रविवारी वापरता येईल का?

तराजू:

रोज करा, पण एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर, काटा फरशीवर (चटईवर ठेवला की कमी-जास्त दाखवतो). सात दिवसांची सरासरी काढा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. एका रात्रीत वाढलेला किलो चरबीचा नसतो. लोणचं-पापड, हॉटेलचं जेवण झालं की पाणी धरलं जातं. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून भरपेट भात-जिलबीनंतरही काटा उडी मारतो. पाळीच्या आधी बऱ्याच जणींना किलो-दीड किलो चढतो. त्यामुळे तुम्ही आठवड्याची तुलना आठवड्याशी करण्यापेक्षा या पाळीनंतरचा आठवडा मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडा. पहिल्या दोन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यातही पाणीच जास्त, ते हिशोबात धरू नका.

पहिले दोन सोडून पुढचे चार आठवडे झाले की सूत्र फेकून द्या, तुमचा स्वतःचा आकडा हातात आलेला असतो. समजा अठ्ठावीस दिवस सरासरी १४८० खाल्लंत आणि सरासरी वजन १ किलो उतरलं. ७७०० भागिले २८ म्हणजे रोज २७५ ची तूट. तुमचा नोंदीतला खर्च १७५५. नोंदीत काही सुटलं असेल तर तेही याच आकड्यात मुरतं, कारण पुढेही तुम्ही तशाच नोंदी करणार आहात. आता नवा आकडा यातूनच कापा. महिन्याला अर्धा किलोसुद्धा उतरलं नाही तर आधी तेलाची किटली तपासा, मग १०० कापा. आठवड्याला पाऊण किलोच्या वर उतरत राहिलं तर १०० ते १५० वाढवा. हो, वाढवा. राष्ट्रीय पोषण संस्थाही आठवड्याला अर्धा किलो हाच सुरक्षित वेग मानते आणि हजाराच्या खाली जाऊ नका म्हणते.

आता शिल्लक. आठवड्याचं अंदाजपत्रक ठेवता येतं: १४५० गुणिले ७ म्हणजे १०,१५०. रविवारी १९०० खायचे असतील तर बाकी सहा दिवस १३७५. एवढं चालतं. पण गुरुवारी शून्य आणि रविवारी एकोणतीसशे हे चालत नाही. कागदावर जमतं, पण शुक्रवारी सकाळीच तोल जातो.

आणि उपासाला तुम्ही खरंच काही खात नाही का, ते आधी बघा. साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा कोरडा ७५ ग्रॅम (२६०), दाण्याचं कूट २५ ग्रॅम (१४०), तूप १२ ग्रॅम (११०), बटाटा ५० ग्रॅम (३५). एका बशीचे साडेपाचशे, आणि त्यात साबुदाण्यातून प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वर केळं, संध्याकाळी वेफर्स, दाण्याचा लाडू, आणि रात्री ‘सोडताना’ जेवण. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस गुरुवारच निघतो. खिचडी हवीच असेल तर साबुदाणा ४० ग्रॅम, तूप एक चमचा, आणि सोबत २०० ग्रॅम दही किंवा काकडीची कोशिंबीर. नाहीतर वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी. कूट मोजूनच. दाण्यात प्रथिनं आहेत हे खरं, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरीही आहेत.

दिवाळीचे चार दिवस मात्र तूट ठेवायच्या भानगडीत पडू नका, त्या दिवसांपुरतं १७५० वर या. एका बेसनाच्या लाडवाचे साधारण १९० होतात: बेसन १५ ग्रॅम, तूप ९, पिठीसाखर १३. रोज एक लाडू जेवणाचा भाग म्हणून धरा, उभ्या-उभ्या तोंडात टाकू नका.

दूरदेशी:

बाहेर राहणाऱ्यांसाठी थोडी भर. ऑस्ट्रेलियात पाकिटांवर किलोज्यूल असतात, ४.१८४ ने भागलं की कॅलरी येतात. तिथला मोठा चमचा २० मिलीचा असतो, इतर बऱ्याच ठिकाणी १५ मिलीचा. इथली कृती तिथल्या चमच्याने केली तर प्रत्येक चमच्यामागे चाळीसेक कॅलरी तेल जास्त पडतं. अमेरिकन कप २४० मिलीचा, तोही वाटी समजून वापरू नका. ग्रॅममध्ये मोजलं की या सगळ्यातून सुटका.

फोडणीपुरतं:

शेवंतीताई, एक राहिलं. बाकीच्या तिघांना तेल कमी चालत नसेल तर भांडण करू नका. भाजी-आमटी कमी तेलात करा, तुमच्या वाट्याची काढून घ्या आणि उरलेल्यावर वरून फोडणी द्या. आमटीला तर ती जास्तच छान लागते. कुटाची बरणी मात्र ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. कोशिंबिरीत, भाजीत, पोह्यावर ‘चिमूटभर’ म्हणून जे पडतं ते दर वेळी दहा ग्रॅम असतं, वजन करून बघा.